विंडोज बदललं, प्रिंटर मुका झाला

खोपोलीच्या शिळफाट्यावर जुन्या मुंबई-पुणे महामार्गाला पालीचा रस्ता फुटतो. तिथल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात सकाळी दहाला डोकावलं, तर अख्खा तालुका कागदावर उतरताना दिसतो. एकाला खालापूरच्या तहसील कचेरीत जोडायला सातबारा हवा असतो, एकीला प्रवेशअर्जाच्या दोन प्रती, आणि गाडी रस्त्याकडेला लावून धावत आलेल्या ट्रकवाल्याला ई-वे बिल. दुकानदार कमांड देतो. प्रिंटरचा हिरवा दिवा लागलेला असतो, ट्रेमध्ये कागद असतो, तरीही काहीच होत नाही. पुन्हा कमांड, पुन्हा शांतता. मग कुणीतरी सांगतं, ‘काल रात्री विंडोज ११ टाकलंय.’

विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती वापरासाठी नावनोंदणी करणाऱ्यांना आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत मिळाली. त्यामुळे या काळात दुकानांतले, शाळांमधले, पतपेढ्यांमधले असंख्य संगणक नव्या विंडोजवर गेले. टेबलावरचा प्रिंटर मात्र तोच राहिला, दहा-पंधरा वर्षं इमानानं चाललेला. तो नव्या विंडोजशी बोलेनासा झाला की पहिला निदानवजा उद्गार निघतो, ‘प्रिंटर गेला.’ बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. संगणकापासून कागदापर्यंतच्या साखळीतली एखादी कडी निसटलेली असते. ती कुठली हे शोधायला अर्धा तास लागतो आणि त्या अर्ध्या तासात काही हजार रुपयांचं यंत्र भंगारात जाण्यापासून वाचतं.

साखळी अशी असते. वर्डमध्ये किंवा ब्राउझरमध्ये प्रिंटचं बटण दाबलं की पान थेट प्रिंटरकडे जात नाही. ते आधी स्पूलर नावाच्या विंडोजच्या अंतर्गत सेवेकडे रांगेत उभं राहतं. ड्रायव्हर हे सॉफ्टवेअर त्या पानाचं प्रिंटरला कळणाऱ्या भाषेत रूपांतर करतं, आणि मग पोर्टमधून म्हणजे यूएसबी केबल किंवा वायफायमधून ते यंत्रापर्यंत पोहोचतं. प्रिंटरच्या भाषाही वेगवेगळ्या असतात. एचपीची पीसीएल आणि अडोबीची पोस्टस्क्रिप्ट या १९८४ च्या सुमारास पुढे आलेल्या दोन भाषा अजून चालू आहेत. ज्या प्रिंटरला यांपैकी एखादी भाषा येते, तो अपग्रेडनंतर सहसा अडत नाही. त्याचा खास ड्रायव्हर मिळाला नाही, तरी त्या भाषेच्या सामायिक ड्रायव्हरवर काम भागतं.

अडचण येते ती आपल्याकडे सर्वांत जास्त खपलेल्या छोट्या, स्वस्त लेझर प्रिंटरची. कॅननचा एलबीपी २९०० किंवा एचपीचा लेझरजेट १०२० ही नावं झेरॉक्सवाल्यांना घरच्या माणसासारखी ठाऊक आहेत. ही यंत्रं दणकट आहेत, त्यांचे कार्ट्रिज रिफिल होतात, पार्ट गावोगाव मिळतात. पण पान रचण्याची अक्कल त्यांच्यात नाही. ए-फोर पानावर इंचाला ६०० ठिपके धरले तर सुमारे ३ कोटी ४८ लाख ठिपके होतात. साधं काळं-पांढरं पान म्हटलं तरी चार एमबीहून जास्त माहिती झाली. या प्रिंटरची स्वतःची मेमरी २ एमबी. म्हणून पानाचा ठिपका न् ठिपका संगणकच ठरवतो, माहिती दाबून लहान करतो आणि प्रिंटरला नुसती पुरवत राहतो. कर्जतला पुण्याकडे निघालेल्या गाडीला बोरघाट चढण्यासाठी मागून बँकर इंजिनं लागतात, तसं हे आहे. गाडी स्वतः धडधाकट असते, पण मागचा जोर नसेल तर घाट चढत नाही. या प्रिंटरचा मागचा जोर म्हणजे त्यांचा ड्रायव्हर. तो नाहीसा झाला की सामायिक ड्रायव्हर लावून भागत नाही, कारण त्या भाषा यंत्राला येतच नाहीत.

लेझरजेट १०२० चं तर आणखी एक वैशिष्ट्य आहे. त्याला चालवणारं फर्मवेअर यंत्रात कायमचं भरलेलं नसतं. प्रत्येक वेळी बटण चालू केलं की संगणकाकडून ते नव्यानं घ्यावं लागतं. ड्रायव्हर जागेवर असेल तर हे काही क्षणांत होतं आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. ड्रायव्हर उडाला असेल तर दिवा लागतो, रोलर एकदा फिरतो आणि यंत्र तसंच वाट बघत बसतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, मशीन बिघडलं.

नवं विंडोज जुना ड्रायव्हर नाकारतं, त्याला कारणं आहेत. १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये प्रिंटरचे ड्रायव्हर थेट गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालत. छपाई वेगानं व्हायची, पण ड्रायव्हरमधली एखादी चूक अख्खा संगणक निळ्या पडद्यावर आणून ठेवायची. पुढे विंडोज २००० पासून ड्रायव्हर गाभ्याबाहेर चालवण्याची सोय झाली आणि व्हिस्टापासून गाभ्यातले प्रिंटर ड्रायव्हर बंदच झाले. २००७ मध्ये व्हिस्टा घरोघर आलं तेव्हा एक्सपीवर नीट चालणारे अनेक प्रिंटर अडले. दुसरी भिंत ३२ आणि ६४ बिटची. ३२ बिटसाठी लिहिलेला ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. ज्यांच्या संगणकावर विंडोज ७ किंवा १० ची ३२ बिट आवृत्ती होती, त्यांच्यासाठी जपून ठेवलेली जुनी सीडी म्हणूनच निरुपयोगी ठरते. त्याच मॉडेलचा ६४ बिट ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून वेगळा घ्यावा लागतो. अलीकडच्या काही लॅपटॉपमध्ये आर्म जातीचा प्रोसेसर असतो. तिथं नेहमीचा ६४ बिट ड्रायव्हरही चालत नाही, आर्मसाठीच लिहिलेला लागतो. लॅपटॉप घेताना दुकानदार हे क्वचितच सांगतात. ज्याच्या घरी जुना प्रिंटर आहे त्यानं ते आधी विचारून घ्यावं.

निदान करताना पहिला प्रश्न ‘काय होत नाही’ हा नसावा, ‘काय होतं’ हा असावा. प्रिंट दिली की फाइल सेव्ह करण्याची खिडकी उघडते का? मग कमांड भलत्याच ठिकाणी जातेय. विंडोज १० पासून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ नावाचा एक कागदाविना प्रिंटर संगणकात आयताच येतो, आणि अपग्रेडनंतर तोच डीफॉल्ट होऊन बसलेला सापडतो. शिवाय सेटिंगमध्ये एक पर्याय असतो, डीफॉल्ट प्रिंटर विंडोजनंच ठरवावा असा. तो चालू असेल तर शेवटचा वापरलेला प्रिंटर आपोआप डीफॉल्ट होतो. दुकानात दोन-तीन प्रिंटर असतील तर हा पर्याय बंद करून आपला प्रिंटर हातानं निवडणं केव्हाही बरं.

यादीत एकाच प्रिंटरचं नाव दोनदा दिसत असेल, दुसऱ्यापुढे ‘कॉपी १’ लिहिलेलं असेल, तर केबल वेगळ्या यूएसबी खाचेत गेली आहे. अपग्रेडच्या गडबडीत संगणक साफ करायला वायरी काढल्या आणि पुन्हा लावल्या की हे हमखास होतं. जुनं नाव जुन्या पोर्टवर वाट बघत राहतं आणि ‘ऑफलाइन’ दाखवतं. केबल मूळ खाचेत लावली किंवा प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमधल्या पोर्टच्या पानावर खूण बदलली की काम सुरू होतं. वायफायच्या प्रिंटरचंही तेच दुखणं असतं, फक्त रूप वेगळं. घाटाच्या पायथ्याला पावसाळ्यात वीज सारखी जाते-येते. राउटर पुन्हा चालू झाला की प्रिंटरला नवा आयपी पत्ता देऊ शकतो, आणि संगणक जुन्या पत्त्यावर हाका मारत बसतो. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता पक्का करून ठेवला की हा त्रास संपतो.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगायचं, की खोपोली-कर्जतच्या जुलैमध्ये कागद ओल धरतो. सर्द कागद रोलरमध्ये चिकटतो, दोन-दोन ओढला जातो, वाकडा निघतो. ज्या आठवड्यात विंडोज बदललं त्याच आठवड्यात हे झालं तर दोष नव्या विंडोजवर जातो. कागद रोलरपर्यंत पोहोचून अडकत असेल, तर ड्रायव्हरनं आपलं काम केलेलं आहे. नवं रिम फोडून पाहावं.

कमांडची रांग लागलीय, पहिली ‘प्रिंटिंग’ किंवा ‘डिलीटिंग’ दाखवतेय आणि पुढे सरकत नाही, हा प्रकार स्पूलरचा. अपग्रेडच्या आधी अर्धवट राहिलेली एखादी कमांड तिथं अडकून पडते आणि मागच्या सगळ्यांची वाट अडवते. सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ थांबवायचा, विंडोजच्या सिस्टिम ३२ फोल्डरमध्ये ‘स्पूल’ आणि त्यात ‘प्रिंटर्स’ नावाचं फोल्डर असतं ते आतून रिकामं करायचं, आणि स्पूलर पुन्हा चालू करायचा. ‘प्रिंटर्स’ हे फोल्डर पुसायचं नाही, फक्त त्यातल्या फाइली. शेजारच्या ‘ड्रायव्हर्स’ फोल्डरला तर हात लावायचाच नाही.

हे सगळं पाहूनही प्रिंटर बोलत नसेल, तर ड्रायव्हर नव्यानं टाकायचा. इथं एक चूक सर्रास होते. प्रिंटरच्या यादीतलं नाव काढून टाकलं म्हणजे ड्रायव्हर गेला असं समजून लोक तेच नाव पुन्हा जोडतात. विंडोज मात्र आपल्या कोठारात ठेवलेला तोच बिघडलेला ड्रायव्हर पुन्हा काढून देतं. चार वेळा करा, चार वेळा तेच. खरा उपाय ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’मध्ये आहे. तिथल्या ड्रायव्हर्सच्या पानावर त्या प्रिंटरचं नाव निवडायचं आणि ड्रायव्हरसोबत त्याचं पॅकेजही काढायचं. मग संगणक एकदा बंद करून चालू करायचा. यूएसबी केबल या वेळी काढलेली असावी. कंपनीच्या साइटवरून उतरवलेला इन्स्टॉलर चालवायचा आणि तो सांगेल तेव्हाच केबल लावायची. केबल आधीच लावलेली असली तर विंडोज घाईघाईनं स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर बसवून मोकळं होतं.

कधी दोष वापरणाऱ्याचा नसतो, प्रिंटरचा नसतो, विंडोजच्या अपडेटचाच असतो. जानेवारी २०२५ च्या अखेरीला आलेल्या एका अपडेटनंतर काही यूएसबी प्रिंटर आपोआप कागद ओढून त्यावर ‘पोस्ट’, ‘आयपीपी’, ‘एचटीटीपी’ असले शब्द असलेल्या निरर्थक ओळी छापू लागले होते. यूएसबीवरून दोन पद्धतींनी बोलू शकणाऱ्या प्रिंटरना संगणकाचा आतला निरोपच छापायचा मजकूर वाटत होता. मायक्रोसॉफ्टनं ही चूक मान्य केली आणि मार्च २०२५ मध्ये दुरुस्ती दिली. म्हणून अपग्रेडनंतर काही विचित्र घडलं तर प्रिंटर उघडण्याआधी बाकी राहिलेली अपडेट बसवून पाहावीत.

मराठी छापणाऱ्यांच्या वाट्याला एक वेगळं दुखणं येतं, आणि त्याचं खापर नेहमी ड्रायव्हरवर फुटतं. वर्षानुवर्षं एका पानात बसणारा अर्ज नव्या विंडोजवर दुसऱ्या पानावर उतरतो, किंवा सहीची ओळ भलतीकडे जाते. विंडोज २००० पासून अनेक वर्षं देवनागरीचा नेहमीचा फॉन्ट ‘मंगल’ होता. विंडोज ८ पासून ‘निर्मला’ आला आणि विंडोज १० मध्ये मंगलची रवानगी ऐच्छिक फॉन्टमध्ये झाली. विंडोज कोरं टाकलं आणि भाषांमध्ये मराठी किंवा हिंदी जोडली नाही, तर मंगल संगणकात नसतोच. त्याच्या जागी दुसरा फॉन्ट लागतो, ओळींची लांबी-उंची बदलते आणि पान फुटतं. सेटिंगमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ टाकले की अर्ज पुन्हा एका पानात बसतो.

त्याआधीच्या पिढीचं काम आणखी नाजूक. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी आणि सीडॅकचं आयएसएम यांवर महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांनी, वकिलांनी, छापखान्यांनी काही दशकं मराठी लिहिलं. त्यांतल्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फॉरमॅट मारताना ते फॉन्ट गेले, की खरेदीखताचा मसुदा इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन बाहेर येतो. इथं ओळखायची खूण सोपी आहे. पडद्यावरही खिचडीच दिसत असेल तर फॉन्ट नाही. पडद्यावर नीट मराठी आणि कागदावर खिचडी, तर मात्र ड्रायव्हर फॉन्ट बदलतोय. अशा वेळी फाइल पीडीएफ करून ती ‘इमेज म्हणून छापा’ या पर्यायानं छापली की पान चित्रासारखं जातं आणि अक्षरं बिघडत नाहीत. छपाई थोडी रेंगाळते, पण रांगेतल्या माणसाचं काम होतं.

एक प्रिंटर आणि दोन-तीन संगणक, ही दुकानातली आणखी एक नेहमीची मांडणी. यातही अपग्रेडनंतर गाठ अडते, आणि तिचं मूळ २०२१ मध्ये आहे. स्पूलर ही संगणकातल्या सर्वोच्च अधिकारानं चालणारी सेवा आहे, म्हणून घुसखोरांचा तिच्यावर कायम डोळा असतो. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या विषाणूनंही पसरण्यासाठी स्पूलरमधल्या भगदाडाचा वापर केला होता. २०२१ च्या जुलैत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावानं गाजलेलं भगदाड सापडलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टपासून शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायला अॅडमिनिस्ट्रेटरचा अधिकार सक्तीचा झाला. त्यानंतरच्या महिन्यांत ‘११ बी’ या अक्षरांवर संपणारा एरर भारतभरच्या दुकानांत दिसू लागला. रजिस्ट्रीत एक आकडा बदलून तो घालवण्याची युक्ती तेव्हापासून फिरते आहे. ती चालते, कारण ती बसवलेलं कुलूपच काढते. ज्या संगणकावर लोकांचे आधार आणि बँकेचे कागद रोज उघडतात, तिथं ही युक्ती वापरू नये. दोन्ही संगणकांवर पूर्ण अपडेट टाकणं, किंवा प्रिंटरला नेटवर्कची सोय असेल तर प्रत्येक संगणकानं तो थेट जोडणं, हा सरळ मार्ग आहे.

ट्रक जातात तिथं वजनकाटा असतो, आणि वजनकाट्यावर अजूनही डॉट मॅट्रिक्स प्रिंटर खरखरतो. पिन आपटून छापणारं हे यंत्र कार्बनखालच्या प्रतीही एका फटक्यात काढतं. लेझरला ते जमत नाही, म्हणून हे यंत्र टिकून आहे. प्रिंटर बिघडलाय की विंडोज अडवतंय हे ठरवायला याच्याइतकं सोपं यंत्र दुसरं नाही. एप्सन एलएक्स-३०० सारख्या यंत्रात लाइन फीडचं बटण दाबून धरून स्विच चालू केला की संगणकाविनाच नमुन्याच्या ओळी छापून येतात. ओळी आल्या तर यंत्र ठणठणीत. मग विंडोजमधला ‘जेनेरिक टेक्स्ट ओन्ली’ ड्रायव्हर लावून पाहता येतो. तो फक्त साधी अक्षरं जशीच्या तशी पाठवतो, आणि इंग्रजीत निघणाऱ्या वजनाच्या पावतीला तेवढं पुरतं. मात्र काट्याचं सॉफ्टवेअरच डॉसच्या काळातलं असेल तर गोष्ट ड्रायव्हरच्या पलीकडे जाते. १६ बिटचे प्रोग्रॅम ६४ बिटच्या विंडोजवर उघडतच नाहीत. तिथं सॉफ्टवेअर बदलेपर्यंत जुना संगणक इंटरनेटपासून तोडून तसाच चालू ठेवणं शहाणपणाचं.

प्रिंटर आणि ड्रायव्हर यांच्यावरून माणसं किती पेटून उठू शकतात, याचं एक उदाहरण संगणकाच्या इतिहासातच आहे. १९८० च्या सुमाराला अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरनं आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा करून कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड त्याला नाकारला गेला. १९८३ मध्ये त्यानं जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. त्या चळवळीचं फळ आजही कामी येतं. लेझरजेट १०२० साठी लिनक्सवर स्वयंसेवकांनी लिहिलेला ड्रायव्हर उपलब्ध आहे, आणि विंडोज ११ न पेलणाऱ्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकून तो प्रिंटर चालवता येतो.

येत्या काळात ही गुंतागुंत एका बाजूनं कमी आणि दुसऱ्या बाजूनं जास्त होणार आहे. मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलेल्या वेळापत्रकानुसार जानेवारी २०२६ पासून प्रिंटर कंपन्यांचे नवे ड्रायव्हर विंडोज अपडेटमार्फत देणं थांबवायचं, जुलै २०२६ पासून विंडोजनं आपल्या अंगच्या सामायिक ड्रायव्हरलाच पहिली पसंती द्यायची, आणि जुलै २०२७ पासून सुरक्षेची दुरुस्ती सोडून बाकी बदल स्वीकारायचे नाहीत. मोप्रिया या मानकाचे नवे प्रिंटर कुठल्याही खास ड्रायव्हरशिवाय चालतील, जसे आयफोनवरून २०१० पासून एअरप्रिंटनं चालतात. जुने प्रिंटर त्या तारखांना बंद पडणार नाहीत. कंपनीचा इन्स्टॉलर हाताशी असेल तर तो पुढेही बसवता येईल. पण केबल लावली आणि विंडोजनं ड्रायव्हर आपोआप शोधून आणला, या सवयीवर जुन्या यंत्रांसाठी पूर्ण विसंबून राहता येणार नाही.

ड्रायव्हर स्वतः शोधायला निघालेल्या माणसासाठी वाटेत सापळेही आहेत. प्रिंटरच्या मॉडेलचं नाव टाकून शोधलं की कंपनीच्या साइटसारख्या दिसणाऱ्या भलत्याच साइट आणि मदतीचे फोन नंबर वर येतात. फोन केला की पलीकडचा माणूस संगणकाचा ताबा मागतो आणि दुरुस्तीचे पैसे सांगतो. ड्रायव्हर कंपनीच्या अधिकृत साइटवर फुकट असतो. त्यासाठी पैसे मागणारा आणि संगणकाचा ताबा मागणारा, दोघांनाही नकार द्यावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवावं.

विंडोज अजून बदललं नसेल तर काम फारच सोपं आहे. प्रिंटरच्या मागच्या पट्टीवरचं पूर्ण मॉडेल नाव लिहून घ्यायचं, एखाद्या अक्षराचा फरकही चुकवायचा नाही. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचा विंडोज ११ साठीचा ६४ बिट ड्रायव्हर आहे का ते आधी पाहायचं आणि असेल तर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवायचा. त्याच पेनड्राइव्हवर मराठीचे जुने फॉन्ट ठेवायचे. प्रिंटरच्या सेटिंगच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढायचे, कारण अपग्रेडनंतर लीगलचा कागद ए-फोर किंवा लेटर होऊन बसतो आणि स्टॅम्पपेपरवरचा मजकूर सरकतो. अपग्रेड शनिवारी रात्री करावं, सोमवारी सकाळी नाही. जमलंच नाही, तर सेटिंगच्या रिकव्हरीमध्ये ‘गो बॅक’ नावाचं बटण असतं. अपग्रेड केल्यापासून दहा दिवस ते जुनं विंडोज परत आणून देतं. या दहा दिवसांत जागा मोकळी करायची म्हणून ‘विंडोज ओल्ड’ हे फोल्डर मात्र पुसायचं नाही, कारण जुनं विंडोज त्यातूनच परत येतं.